पालातली सून

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, सलाम. आम्ही जालन्याचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. मिस्टर एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेत. एकुलता एक मुलगा नर्सिंग करून चार वर्षांपूर्वी जर्मनीला गेला. आता तिथल्या एका मुलीशी लग्न करतो म्हणतो. मुलगी चोवीस वर्षांची आहे, बालवाडीत नोकरी करते. व्हिडिओ कॉलवर आम्ही तीनदा बोललो, गोड वाटली. वडील पाळक आहेत हे ऐकून तर आम्ही हरखूनच गेलो होतो. मग कळलं की ते लोक रोमा आहेत, म्हणजे जिप्सी. घर मूळचं रोमानियातलं. आजोबा गाडीतून गावोगाव हिंडून तांब्याचे हंडे घडवायचे.

माझ्या नणंदेनं हे ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे पालातली!" चुलत दीर म्हणतात, तिकडं त्यांना चोरच समजतात, मोबाइलवर बघा. ते लोक मुलीचे पैसे घेतात, विटाळ फार पाळतात, असंही कानावर आलं. चार दिवस झाले, मिस्टर ताटावर बसतात आणि दोन घास खाऊन उठतात, बोलत नाहीत. मुलगा सांगत होता, मुलीच्या आईनं त्याला विचारलं की तुमच्यात पाण्याला काय म्हणतात. तो 'पाणी' म्हणाला तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला यातलं काहीच उमगत नाही. होकार द्यावा का? आणि मंडळीत काय सांगावं? — एक आई

उत्तर : बाई, सलाम. आधी नणंदबाईंच्या त्या शब्दाचं बोलते, कारण तुमच्या मिस्टरांच्या घशात तोच अडकलाय. तो शब्द एकदा माझ्याही तोंडून गेलेला आहे.

1986 चा उन्हाळा. आमचे पाळकसाहेब तेव्हा अंबड तालुक्यातल्या एका गावी होते. पेरणीच्या तोंडावर घिसाड्यांच्या तीन गाड्या येऊन आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून उतरल्या. नवरा सांडशीत लाल लोखंड धरायचा आणि बायको दोन्ही हातांनी घण मारायची. ती बाई गरोदर होती, सातवा-आठवा असेल. एका दुपारी ती आमच्या दारात आली आणि पाणी मागितलं. मी आत जाऊन तांब्या आणला आणि वरून तिच्या ओंजळीत धार धरली. पेला दिला नाही. आतून सासूबाईंनी विचारलं, कोण आहे? मी म्हणाले, "कोणी नाही, पालातली आहे." ती पाणी प्याली, तोंडावरून पदर फिरवला. तिची नजर ओट्याखालच्या माझ्या विळीवर गेली. पातं बोथट झालंय, द्या म्हणाली. तासाभरानं विळी परत आणून दिली आणि पैसे घेईना. "पानी पाजलं ना बाई," म्हणाली.

माझ्या आजीला गावच्या आडावर असंच वरून पाणी मिळायचं. ते सांगताना ती हात पुढं करून ओंजळ दाखवायची. मी तिचीच नात, संडे स्कूल शिकवणारी, पाळकाची बायको. ती विळी आजही माझ्याकडं आहे. पातं झिजून निम्मं झालंय. तुमचं पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा तीच आठवली.

तुमच्या घराण्याचा नारायण शेषाद्रींच्या बेथेलशी संबंध आहे की नाही मला ठाऊक नाही. पण जालन्याचे जुने ख्रिस्ती म्हटल्यावर बेथेलचं नाव निघतंच. स्वतः ब्राह्मण असलेल्या त्या माणसानं 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढं जालन्याजवळ बेथेल ही वस्ती उभी केली ती गावकुसाबाहेरच्या माणसांना घेऊन. आपल्यातल्या बहुतेकांचे आजे-पणजे गावकुसाबाहेरचेच. म्हणून 'पालातली' हा शब्द आपल्या घरात बोलला गेला की मला फार लागतं.

आता या लोकांचं सांगते. रोमा मूळचे आपल्याकडचे, हे खरं आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी ते उत्तर भारतातून बाहेर पडले आणि इराण, आर्मेनिया, ग्रीस असं करत करत युरोपात पोचले. हा रस्ता त्यांच्या भाषेतच उमटलाय. येक, दुय, त्रिन, श्तार, पांज हे आकडे आपले. पण सात, आठ, नऊ मात्र त्यांनी वाटेत ग्रीकांकडून घेतले. पाण्याला ते पानीच म्हणतात. गावाला गाव, नाकाला नाक, कानाला कान, दिवसाला दिवेस, भुकेला बोख. मिठाला लोन, आपल्या लोणच्यातलं. पोराला छावो म्हणतात, आपल्या छाव्याच्या घरातला शब्द. क्रूसाला त्यांच्या भाषेत त्रुशुल म्हणतात, तो आपल्या त्रिशूळावरून. आणि पाळकाला, धर्मगुरूला राशाय, तो ऋषीवरून. युरोपात येऊन येशूला मानलं तरी त्याचा क्रूस त्यांनी इथून नेलेल्या शब्दानंच ओळखला. विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी का आलं ते आता कळेल. ज्या भाषेवरून आयुष्यभर टोमणे खाल्ले, तिच्यातला शब्द समोरचा माणूस आपला म्हणून बोलला, तेही जर्मनीत.

तरी एक सावधपणाची गोष्ट. जालन्यात कोणी ना कोणी तुम्हाला सांगेलच की रोमा म्हणजे आपले लमाणच. त्याला आधार नाही. लमाणांची गोरबोली आणि रोमांची रोमानी या एकाच मोठ्या कुळातल्या लांबच्या बहिणी आहेत, एवढंच म्हणता येतं. 'रोम' हा शब्द अभ्यासक 'डोम'शी जोडतात, आपल्या डोंबाऱ्यांच्या नावातही तोच डोंब आहे. पण या मुलीला 'आमची हरवलेली लेक परत आली' असं म्हणू नका. हजार वर्षं तिची माणसं तिकडं जगली, मेली, राबली. तिचं घर तिकडंच आहे. तुमच्या घरात ती सून म्हणून येईल.

चोर म्हणतात त्याचं. दिरांना म्हणावं, ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांनी या लोकांचं काय केलं तेही मोबाइलवर बघा. मुलीचे आजे-पणजे ज्या रोमानियातले, तिथं रोमांना सुमारे पाचशे वर्षं गुलाम करून ठेवलं होतं. मालक तीन : राजा, जमीनदार आणि मठ. होय, ख्रिस्ती मठ. गाईगुरांसारखी माणसं दान द्यायचे, विकायचे, आई एकीकडं आणि लेकरू दुसरीकडं. ही गुलामी मोल्डाव्हिया आणि वालाकिया या तिथल्या तेव्हाच्या दोन राज्यांत सुटली, पहिल्यात 1855 मध्ये आणि दुसऱ्यात 1856 मध्ये. पोप फ्रान्सिस 2 जून 2019 ला रोमानियातल्या ब्लाज गावी गेले आणि रोमा लोकांपुढं उभं राहून त्यांनी चर्चच्या वतीनं क्षमा मागितली. आपण कॅथलिक नाही, पण ती क्षमा आपल्याही वाट्याची आहे असं मी मानते.

आणि जर्मनी. तुमचा मुलगा तिथं नोकरीला आहे म्हणून हे त्याला माहीत हवंच. नाझींनी ज्यूंसोबत रोमा आणि सिंती (जर्मनीत जुन्या काळापासून राहणारी त्यांचीच शाखा) लोकांनाही मारलं, अडीच ते पाच लाख माणसं. 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री आउश्विट्झच्या छावणीत उरलेली सुमारे 4,300 माणसं एका रात्रीत विषारी वायूनं मारली. त्यात बहुतेक बायका, लेकरं आणि म्हातारी होती. हा वंशसंहार होता हे मान्य करायला जर्मनीच्या सरकारला 1982 उजाडलं. बर्लिनमध्ये संसदेजवळ त्यांचं स्मारक झालं 2012 मध्ये. एक गोल काळं तळं आहे, मधोमध तिकोनी दगड, आणि त्यावर रोज एक ताजं फूल ठेवतात. मुलाला सांगा, तिला घेऊन एकदा तिथं जा. घरच्यांशी बोलण्याआधी दोघांनी तिथं थोडा वेळ उभं राहावं.

मुलगी बालवाडीत काम करते हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत. मला ते फार मोठं वाटलं. चेक देशात रोमा लेकरांना मतिमंदांच्या शाळेत ढकलायचे, नुसती रोमा म्हणून. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं 2007 मध्ये तो भेदभाव ठरवला. पुष्कळ रोमा घरांत आजही आजीला वाचता येत नाही. त्या घरातली मुलगी दुसऱ्यांच्या लेकरांना अक्षरं शिकवतेय.

आता पैसे आणि विटाळ. दोन्ही आहे, खोटं कशाला बोलू. तांबटकाम करणाऱ्या रोमांना काल्डेराश म्हणतात, हंड्या-कढईच्या रोमानियन शब्दावरून पडलेलं नाव. त्यांच्यात मुलाकडून मुलीच्या बापाला पैसे द्यायची रीत आहे. आपल्याकडं उलटं, मुलीचा बाप हुंडा देऊन मोडतो, आणि ते आपल्या ख्रिस्ती घरांतूनही गेलेलं नाही. म्हणून बोट दाखवायच्या आधी आपलं ताट बघा. तिचे वडील पाळक आहेत, ते पैशाचं काय मानतात हे मुलानं स्वतः त्यांना विचारावं. सरळ विचारावं, त्यात अपमान नाही.

विटाळाला ते 'मारिमे' म्हणतात. कमरेवरचे कपडे एका टबात, कमरेखालचे दुसऱ्या. बाईच्या झग्याचा घोळ भांड्याला लागता कामा नये. स्वयंपाकाची फडकी कपड्यांत धुवायची नाहीत. लग्न झालेली बाई डोक्याला रुमाल बांधते, त्याला दिक्लो म्हणतात. सगळ्याच घरांत आता हे तितकं कडक नाही. माझ्या सासूबाईंचे नियम आठवले तर मला यात परकं काहीच वाटत नाही. मुलीला विचारा की तिच्या घरी कुठवर पाळतात आणि ती स्वतः कुठवर पाळते. आणि सून आली की तिच्या हातातला टब हिसकावून घेऊ नका.

सुनेला ते 'बोरी' म्हणतात, आपल्या वधूवरूनच. जुन्या पद्धतीच्या घरांत बोरीचे हाल असतात. सगळ्यांच्या आधी उठायचं, सगळ्यांनंतर जेवायचं. हे वाचून मला आपलीच शेणामातीची घरं दिसली. त्या मुलीची आई ते भोगून आली असेल, म्हणून ती लेकीला लांब देताना घाबरलेली असणार. विसरू नका, तिच्या घरीही आत्ता कोणीतरी म्हणत असेल, 'गाजोला देताय?' गाजो म्हणजे जो रोमा नाही तो. त्या घरात आत्ता बाहेरचे तुम्ही आहात. व्याह्यांसाठी त्यांच्याकडं शब्द आहे, 'खानामिक'. इंग्रजीत असा धड शब्द नाही. त्यांच्यात आहे आणि आपल्यात आहे, म्हणजे सोयरीक ही दोन घरांची असते हे दोघांनाही कळतं.

पाळकाच्या घरचं म्हणून एक वेगळं सांगायचं आहे, कारण तुम्ही त्यानंच हरखला होतात. रोमांमधलं आजचं पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पंथाचं, जागरण फ्रान्समधून सुरू झालं. ते सांगतात की 1950 मध्ये लिझ्यू गावात एका रोमा आईचा मरणाला टेकलेला मुलगा प्रार्थनेनंतर उठला. पुढं क्लेमां ल कोसेक नावाचे फ्रान्समधल्याच ब्रिटनी भागातले पाळक त्यांच्यात गेले. ते स्वतः रोमा नव्हते. त्यांनी मोठं काम केलं ते हे की रोमांमधूनच उपदेशक तयार केले. कितीतरी पुरुष अक्षरं शिकले ती पवित्र शास्त्र वाचता यावं म्हणून. दारू सुटली, भविष्य सांगणं सुटलं. बायकांना याचा अर्थ कळतो. संध्याकाळी नवरा शुद्धीवर घरी येतो. पण त्या घराला दार नसतं. उपासना तास-दोन तासांत संपत नाही. कोणाकडं मरण झालं की आख्खं घर तिकडं. पाहुणा जेवल्याशिवाय जात नाही. तुमचा मुलगा नर्स आहे, रात्रपाळी करतो. तिच्या माहेरच्या या धबडग्यात तो टिकेल का, हे त्याला आत्ताच विचारा.

आणि बाप्तिस्मा. तुमच्या मुलाचा लहानपणी पाणी शिंपडून झाला असेल. ते लोक मोठेपणी पाण्यात बुडवून देतात आणि बहुधा त्याला पुन्हा घ्यायला सांगतील. पालं, पैसे, विटाळ यापेक्षा भांडण होईल ते इथं. आमच्या नात्यातलं एक लग्न याच मुद्द्यावर मोडलं, दोन्हीकडं चांगली माणसं असून. मुलाचा बाप्तिस्मा खोटा होता असं त्यानं कधी म्हणू नये, असं मला वाटतं. पण त्या मंडळीत बसण्यासाठी तो काय करायला तयार आहे हे त्याचं त्यानं, प्रार्थना करून, लग्नाच्या आधी ठरवावं. लेकरं झाल्यावर हा प्रश्न पुन्हा येणार, तेव्हा तो दोघांचा असेल. जर्मनीत सरकारी नोंदणीशिवाय लग्न कायद्यानं धरत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. आधी नोंदणी, मग देऊळ.

होकार द्यावा का, असं विचारलंत. मुलगी सज्ञान आहे, स्वतःच्या मनानं येतेय, कमावती आहे, दोघांचा विश्वास एक आहे. तुमच्या जागी मी असते तर दिला असता. मंडळीत वेगळं काही सांगू नका. तीन रविवार लग्नाची सूचना वाचतील तेव्हा तिचं नाव वाचलं जाईल, वडील पाळक आहेत असं वाचलं जाईल, बस. कोणी विचारलंच 'कुठली?' तर रोमानियातली म्हणा, रोमा म्हणा. जिप्सी म्हणू नका. तो शब्द इजिप्तवरून पडला, ती माणसं इजिप्तची समजून. आणि जर्मनीत त्यांच्यासाठी जो जुना शब्द आहे तो तर शिवीच आहे, मुलानं तो तोंडात आणू नये.

पुढच्या कॉलला मिस्टरांना समोर बसवा. तुम्ही डोक्यावर पदर घ्या, विहीणबाईंना बरं वाटेल. आजोबांचा एखादा तांब्याचा हंडा घरात असला तर तो दाखवा म्हणावं. तुमच्याकडंही असेल ना एखादा, सासूबाईंच्या वेळचा? तो पुढं ठेवा. भाषा येत नाही त्या दोघींनी बोलायला तेवढं पुरे.

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यात सेवा करणारा तरुण पाळक. घिसाडी आणि डवरी गोसाव्यांच्या पालांवर जातो. मागच्या अंकात तुम्ही रोमांमधल्या कामाचा उल्लेख केला होता. रात्री नऊ-दहाला परततो, तोवर आमची दोन वर्षांची मुलगी झोपलेली असते. पत्नी म्हणते, पालावरच्या लेकरांना तुम्ही बाप वाटता, हिला नाही. काय करू? — एक पाळक

उत्तर : भाऊ, तुमची पत्नी बरोबर बोलतेय.

रॉडनी स्मिथ, ज्यांना जग जिप्सी स्मिथ म्हणतं, ते 1860 मध्ये इंग्लंडातल्या एपिंगच्या रानात तंबूत जन्मले. लहान असतानाच आई देवीच्या रोगानं गेली. बापाला लिहिता-वाचता येत नव्हतं. पदरात आईविना लेकरं घेऊन तो हिंडत राहिला. पुढं त्याचं मन पालटलं आणि तो आपल्या दोन भावांबरोबर सुवार्ता सांगू लागला. लेकरं मागं ठेवून तो सेवेला गेला नाही, लेकरं गाडीतच होती. त्यातलाच एक मुलगा जगभर हिंडून उपदेश करणारा झाला.

तेव्हा मुलीला पालावर न्या. पत्नीची इच्छा असेल तर तिलाही न्या. संध्याकाळी चुली पेटतात तेव्हा पोचा, आठला निघा. रात्रीची सभा तिथल्याच एखाद्या माणसाकडं सोपवा. ल कोसेक यांनी केलं ते हेच, आणि म्हणून ते काम टिकलं. वाचता येत नसलं तर गाणारा माणूस शोधा. डवरींच्या पालावर गाणारा मिळणार नाही असं होत नाही.

आणखी एक, हे मनावर घ्या. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली इंग्रजांनी कितीतरी भटक्या जमातींना तारेच्या कुंपणात कोंडलं, तेव्हा त्यातल्या कितीतरी वसाहती मिशनरी चालवायचे. साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती सेवासंस्था त्यात पुढं होती. जिप्सी स्मिथनं तरुणपणी त्याच साल्व्हेशन आर्मीत काम केलं होतं. त्यांचा हेतू चांगला असेल, पण हजेरीची वही आणि बायबल एकाच हातात होतं. 31 ऑगस्ट 1952 ला त्यांच्यावरचा तो शिक्का सरकारनं पुसला. म्हातारी माणसं अजून सांगतात. पालावर जाताना वही नेऊ नका, नावं लिहून घेऊ नका, फोटो काढून कुठं पाठवू नका. नुसते बसा. चहा दिला तर त्यांच्याच कपातून घ्या.

मुलीसाठी स्वेटर न्यायला विसरू नका. माळावर रात्री गार वारं सुटतं.